पुसणारीचा गाल

सकाळी आठच्या आत द्राक्षाच्या पॅकहाउसच्या दारात बायांची रांग लागते. जानेवारीचा महिना आणि निफाडकडची थंडी. तोंडातून वाफा निघत असतात, हात काखेतून बाहेर यायला तयार नसतात. दारातच एक लोखंडी टेबल, त्यावर पांढऱ्या कागदांचा गठ्ठा आणि टेबलामागं मथुरा विधाते. डोक्यावर जाळीची टोपी, तोंडावर मास्क, अंगात पांढरा ॲप्रन. माणूस म्हणून दिसतात ते फक्त डोळे, आणि ते डोळे काही म्हणता काही सोडत नाहीत.

बाई पुढं आली की आधी हात. बांगड्या उतरवल्यात का, नखं कापलीत का. मग कपाळ. टिकली असली तर काढायची आणि दाराच्या चौकटीला चिकटवायची. संध्याकाळी जाताना जिची तिनं न्यावी असं ठरलेलं, पण संध्याकाळी कुणाला आठवतंय! चार सीझनच्या टिकल्यांनी ती चौकट नवरीसारखी सजलीय. आणि सगळ्यात शेवटी गाल. मथुरा एक कागद उचलते, गालावर दाबते आणि हनुवटीपर्यंत एकदाच ओढते. कागद कोरा निघाला तर आत. कागदाला पावडर, क्रीम, लाली काहीही लागलं तर बोट नळाकडं. तोंड धुवायचं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. तोवर आतली वजनकाट्याजवळची, उजेडाची जागा गेलेली असते आणि दिवसभर दाराजवळच्या गार वाऱ्यात कात्री चालवावी लागते.

हे सगळं उगाच नाही. काही वर्षांमागं परदेशात उघडलेल्या एका पेटीत घडाच्या देठाला मरून रंगाची टिकली निघाली होती. तिचा फोटो सात समुद्र उलटे ओलांडून पिंपळगावला आला आणि त्या दिवसापासून नियम लागला. वासाची पावडर नको, रंग नको, दागिना नको. पेटी बंद झाली की आत वास कोंडतो, द्राक्ष तो धरून ठेवतं. आणि मण्यावर जी धुरकट पांढरी झाक असते, ती तर नुसतं बोट घासलं तरी जाते आणि परत येत नाही. म्हणून बाया घड देठाला धरतात, मण्याला हात लावत नाहीत.

मथुरा या नियमाची पक्की. कामाला लागली त्याच आठवड्यात तिनं मॅनेजर किशोर सरांच्या सख्ख्या चुलतीला नळाकडं पाठवलं. चुलती तणतणत सरांकडं गेली, "आरं किशोर, ही कोन लागून गेली?" सरांनी चुलतीला चहा पाजला आणि मथुराला गेट कायमचं दिलं. कायमचं म्हणजे बारमाही. बाकीच्या बाया जानेवारी ते एप्रिल. द्राक्ष संपलं की त्यांचंही काम संपलं. मथुरा मात्र पावसाळ्यातही खोकी, ॲप्रन, जाळ्या सांभाळायला आत. बाया तिला गेटवाल्या ताई म्हणायच्या. माहेरी मथी, सासरी 'अगं', आणि इथं ताई. माणसाला आणखी काय लागतं?

आता खरी गोष्ट. दुसऱ्यांचे गाल पुसणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या गालावर मास्कच्या आत तीन थर असायचे. खाली क्रीम, वर फाउंडेशन, त्यावर पावडर. रंग मास्कमधून बाहेर फुटू नये म्हणून ती एकावर एक असे दोन मास्क लावायची. आणि रजिस्टरात सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, 'मथुरा शे. विधाते' या नावापुढं तपासल्याची खूण ती रोज स्वतःच्या हातानं करायची.

हे असं का झालं, ते मागं जाऊन सांगावं लागेल.

मथुरा कादवाकाठच्या गावची. नाव आजीचं ठेवलेलं, रंगही आजीचाच, गव्हाळ. पिंपळगावजवळच्या वस्तीवर शेखरला दिली. शेखर द्राक्षाचा टेंपो चालवतो. लग्न झालं तशी ती बागेत कामाला जाऊ लागली. घड विरळायचे, बारीक मणी काढायचे, वर मान करून दिवस काढायचा. वेलीच्या सावलीत ऊन लागत नाही असं ज्याला वाटतं त्यानं एक दिवस उभं राहून बघावं. हर्षालीच्या वेळेला दिवस गेले आणि दोन्ही गालांवर वांग उठला. काळपट, नकाशासारखा. पोरगी झाली, बारसं झालं, वांग काही गेला नाही.

जायफळ उगाळून झालं, बटाटा घासून झाला, मसुराचं पीठ दह्यात कालवून झालं. वांगाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. एका चुलतदिराच्या लग्नात घरच्यांचा फोटो काढायला सगळे उभे राहिले तेव्हा नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "वयनी, तुमी जरा कडंला सरका बरं. मधूनच फोटो काळा येऊ राहिला." सगळे हसले. मथुराही हसली, कडेला सरकली आणि त्या फोटोत ती अर्धीच आली.

पण औषधही त्याच नणंदेनं आणून दिलं. माणूस असंच असतं, चिमटाही तेच घेतं आणि फुंकरही तेच घालतं. मेडिकलमधली खाजेची टूब, तिच्यात गोरं व्हायचं क्रीम, वरून एक पिवळी कॅप्सूल फोडायची, सगळं एका डबीत कालवायचं. चिठ्ठीबिठ्ठी काही लागत नाही. "रात्री लावा अन् पंधरा दिवसानं मला सांगा," नणंद म्हणाली. पंधरा दिवसांनी मथुरा आरशात बघत बसली. वांग फिक्कट, चेहरा तुकतुकीत. सासूही म्हणाली, "आता कशी मानसात आली!"

सहा महिन्यांनी डबी संपली आणि मेडिकल दोन दिवस बंद होतं. त्या दोन दिवसांत तोंड असं लाल झालं आणि खाजलं की तिनं भर दुपारी शेजारणीकडून बोटभर क्रीम मागून आणलं. लावलं, थंड वाटलं. मग सोडायचं नावच नको. पुढं ऊन सोसेना, गालावर लाल बारीक शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. ते झाकायला फाउंडेशन. फाउंडेशन चिकट दिसतं म्हणून पावडर. रात्री धुवायची सोय नाही, कारण धुतलं तर शेखर बघणार. म्हणून रात्री तसंच झोपायचं आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून कालच्यावर आजचं चढवायचं. सारवणावर सारवण. अकरा वर्षांत नवऱ्यानं तिचं कोरं तोंड पाहिलं नव्हतं आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

पॅकहाउसमधला मास्क तिला म्हणूनच देवासारखा भेटला. पण दोन मास्क, आतला घाम आणि तीन थर, चौथ्या सीझनला तोंड पेटायला लागलं. पुळ्या आल्या, पिकल्या. तिनं काय करावं? पुळ्यांवर थर जाड केला.

त्याच जानेवारीत पूजाचं प्रकरण झालं.

पूजा वस्तीवरचीच, एकवीस वर्षांची, आठ दिवसांवर साखरपुडा आलेला. सोमवारी तिच्या गालाचा कागद गुलाबी निघाला. नळ. मंगळवारी पुन्हा. मथुरा म्हणाली, "पूजा, साखरपुडा तुहा हाय, द्राक्षाचा नाय. आता सापडली तर घरी पाठवीन."

"नाय लावत ताई," पूजा म्हणाली.

गुरुवारी ती आली ती गाल लालभडक घेऊन. मथुरानं कागद ओढला, कोरा. तिचा विश्वास बसेना. एवढी लाली आणि कागद कोरा? तिनं कागद उलटा केला आणि जोरात घासला. तरी कोरा. तिसऱ्यांदा घासला तशी पूजा कळवळली आणि कागदावर रक्ताचा एक ठिपका उमटला.

"ताई, लाली नाय ती," पूजाच्या डोळ्यांत पाणी आलं, "कातडी हाय माही."

"काय लावती तू?"

"खाजेची टूब. कॅप्सूल फोडून. वस्तीत सगळ्याच लावतात. परवापासून पावडरीसंगं टूब बी बंद केली तर हे आसं फुटलं."

ही लाली मथुरा रोज पहाटे आरशात बघत होती. तिनं तो कागद टोपलीत टाकायचा सोडून ॲप्रनच्या खिशात कोंबला.

रांगेत पूजाच्या मागं बायडाबाई होती. साठीची, दात निम्मे गेलेले, जीभ शाबूत. पॅकहाउस सुरू झालं त्या दिवसापासून ती तिथं. ती काही ओरडली नाही, सहज विचारल्यासारखं विचारलं, "मथे, चार वर्सं झाले तू आमचे गाल पुसू राहिली. तुहा कोन पुसतं गं?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"नियमानं चालू राहिलं सगळं, बायडाबाई."

"नियम हायेच की. म्हनून तर इचारलं."

"रांग पुढं घ्या," मथुरा म्हणाली. रांग पुढं गेली, प्रश्न मागं राहिला.

दुपारी तिनं बाथरूमची कडी लावून मास्क उतरवले. आतल्या मास्कवर तिच्या चेहऱ्याचाच छाप उठला होता. गालाचा रंग, नाकाचा रंग आणि दोन ठिकाणी पू. ती बाहेर आली तर किशोर सर समोर. सर म्हणाले, "विधातेताई, सोमवारी माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला येत आहेत. गेटवरचं सगळं त्यांच्यापुढं व्हायला पाहिजे. रजिस्टरात तुमचं नाव पहिलं आहे, तेव्हा सुरुवात तुमच्यापासूनच करू. तुमचं काय, तुम्ही तर कोऱ्याच."

मथुरा "हो सर" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? हातात तीन दिवस होते. लावून गेली तर कागदावर पकडली जाणार, न लावता गेली तर ते तोंड साऱ्या गावाला दिसणार.

घरी हर्षाली बारावीचा अभ्यास करत होती. पोरगी फटकळ, शेखरवर गेलेली. मथुरानं पुळ्यांचं तेवढं सांगितलं, बाकीचं गिळलं. हर्षालीनं मोबाइलवर नाशिकरोडच्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर काढला आणि शनिवारची वेळ घेतली.

शनिवारी निघताना मथुरा आरशापुढं बसली तशी पोरगी म्हणाली, "आई, डॉक्टरकडं रंगून चालली? मग ती बघणार काय, पावडरच्या कंपनीचं नाव?"

"रस्त्यात लोकं असत्यात."

"लोकांना फी द्यायची नाय, डॉक्टरला द्यायची हाय."

तरी ती लावूनच गेली. वर मास्क, वर ओढणी. पिंपळगावहून एसटीनं नाशकातलं द्वारका, तिथून नाशिकरोडची गाडी. डॉक्टरीणबाई चाळिशीतल्या, कपाळाला बारीक टिकली, ओठांना हलका रंग. त्यांनी कापसाचे बोळे आणि तेलासारखं काहीतरी पुढं सरकवलं. "आधी हे सगळं काढा."

मथुरानं हर्षालीकडं बघितलं. "तू जरा भायेर जाते का?"

"नाय जात," हर्षाली म्हणाली.

सहा बोळे लागले. पहिले तीन मातकट, चौथा गुलाबी, पाचव्याला पिवळं. सहावा झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ घेतला. हर्षालीनं ते बोळे एकेक करून टोपलीत टाकले.

"हे चेहऱ्यावर किती वेळ असतं?"

"दिवसभर."

"आणि रात्री?"

"रात्री बी."

"म्हणजे धुवायचं कधी?"

मथुरानं खरंच आठवून पाहिलं. "दिवाळीला उटणं लावते तवा."

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतल्या वस्तू टेबलावर मांडायला लावल्या. फाउंडेशनच्या बाटलीची तारीख दोन वर्षांपूर्वी संपलेली. स्पंज काळा, वासाचा. "हा कोण कोण वापरतं?" "नणंद आली का ती बी वापरते." मग डबी उघडून वास घेतला आणि खाजेच्या टूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. "हे औषध आहे बाई. खाज असेल तिथं, चार-आठ दिवस, डॉक्टरनं सांगितलं तर. तुम्ही अकरा वर्षं तोंडाला लावलंत. कांद्याचं आतलं पातळ साल असतं ना, बोट लावलं तरी फाटतं? तुमची कातडी आता तशी आहे. म्हणून ऊन सोसत नाही, म्हणून शिरा दिसतात. आणि त्यावर रोजचे थर, घाम आणि हा स्पंज. पुळ्या येणार नाहीत तर काय येणार?"

"मंग मेकअप वाईटच म्हना की."

"मी लावलेला आहे की आज," त्या म्हणाल्या. "लग्नाला लावा, सणाला लावा. हवं तर रोज लावा, पण रात्री उतरवून झोपा. स्पंज धुवा, आपला दुसऱ्याला देऊ नका, जुनी बाटली फेकून द्या. एवढंच. पण आजार झाकायला लावू नका. झाकलं की ते आत पिकतं."

मग औषध सांगितलं. टूब एकदम सोडायची नाही, त्या सांगतील तशी कमी करत आणायची. बाकीचे थर आजपासून बंद. साधा फेसवॉश, एक मलम, आणि उन्हात जायच्या आधी उन्हाचं क्रीम. "आधी वाढेल, मग कमी होईल. चार-सहा महिने धरा. वांग कमी होईल, पण पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही."

"मॅडम," मथुरा म्हणाली, "सोमवारपुरतं काय देता का? एक दिवसापुरतं. तोंड जरा बरं दिसंल आसं."

"सोमवारचं औषध माझ्याकडं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटची बेल वाजवली.

संध्याकाळी शेखर जेवायला बसला. मथुरानं ताट वाढलं आणि समोर बसली, कोऱ्या तोंडानं. त्यानं पहिला घास घेतला, वर बघितलं, घास तसाच राहिला.

"हे कवा झालं?"

"अकरा वर्सं झाले."

"काहीतरीच. मी काय आंधळा हाय? रोज पाहतो की."

"तुमी रोज पावडर पाहत व्हता."

शेखरनं भाकरी मोडली, विचार केला. "मला वाटायचं तू चांगला साबन वापरती." हर्षाली आतून फस्सकन हसली. मग तो म्हणाला, "सोमवारी सुट्टी टाक. ताप आला म्हन. कंपनीवाले मंगळवारी जातील निघून."

हे सोपं होतं. मथुरानं रविवारी सकाळपर्यंत तेच ठरवलं होतं. दुपारी ॲप्रन धुवायला काढला आणि सवयीनं खिसे चाचपले, तर तो कागद हाताला लागला. पूजाचा. ठिपका वाळून तपकिरी झाला होता. पोरीची कातडी निघेपर्यंत घासलं आपण, आणि आपली पाळी आली तर म्हणे ताप.

सोमवारी कंपनीची दोन माणसं आली. एक जाडजूड साहेब आणि फाइल धरलेली एक मुलगी. किशोर सर नवा शर्ट घालून. बायांची रांग एरवीपेक्षा सरळ. मथुरा टेबलामागं गेली, टोपी नीट केली आणि मास्क काढून टेबलावर ठेवला. आज एकच होता.

सकाळच्या उन्हात ते तोंड सगळ्यांनी बघितलं. लाल, सुजलेलं, पुळ्यांनी भरलेलं आणि त्या लालीखाली गालांवर तो जुना वांग, नकाशासारखा, जिथल्या तिथं.

"बायडाबाई, पुढं या," मथुरा म्हणाली. "कागद घ्या."

"मी?"

"तुमीच इचारलं व्हतं."

बायडाबाई आली. पदराला हात पुसले, कागद उचलला आणि जवळून बघितल्यावर तिची जीभ पहिल्यांदा अडली. "बाई गं," ती हळू म्हणाली, "ह्याला कुठं पुसू?"

"नियम हाय."

घड देठाला धरून मण्याला धक्का न लावता पेटीत ठेवतात, तसा बायडाबाईनं तो कागद गालाला टेकवला आणि खाली आणला. कागद कोरा होता. एका कोपऱ्यात पुळीचा पिवळा डाग तेवढा.

"काय निघालं?" मागच्या बायांना दिसत नव्हतं. "आवं, काय निघालं?"

"काय नाय," बायडाबाईनं कागद वर धरून दाखवला. "मथीच निघाली."

रांग हसली. मथुराही हसली, आणि हसताना तोंड ओढलं गेल्यानं डोळ्यांत पाणी आलं. त्याला रडणं म्हणायचं नाही.

फाइलवाल्या मुलीनं काहीतरी लिहून घेतलं. कंपनीची माणसं आत गेली तसे किशोर सर टेबलाजवळ आले. त्यांचा आवाज खाली होता, म्हणजे राग जास्त होता.

"पिकलेल्या पुळ्यांचं माणूस पॅकिंगच्या दारात चालत नाही. नियम तुम्हालाच पाठ आहे."

"माहीत हाय सर."

"आणि चार वर्षांच्या खुणा?"

"खोट्या."

"आधी सांगायचं होतं."

"आधी सांगितलं असतं तर तुमी गेटवर ठेवलं असतं?"

"आताही ठेवत नाही," सर म्हणाले. त्यात काही खोटं नव्हतं. डॉक्टरचा दाखला येईपर्यंत मथुराला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खोकी बनवायला पाठवलं. बारमाही कामाचं जूनमध्ये बघू, असं सांगितलं. गेट बायडाबाईकडं.

शेडमध्ये कोरा पुठ्ठा दुमडायचा, पट्टी लावायची, थप्पी रचायची. मास्क नाही, आरसा नाही. पहिला महिना डॉक्टरीणबाईंनी सांगितला तसाच गेला. तोंड अंगारासारखं, खाज, कधी कधी वाटायचं उकिरड्यावर टाकलेली डबी शोधून आणावी. एकदा ती उठून घरामागच्या उकिरड्यापर्यंत गेलीही. तिथं हर्षाली उभी होती. "आई, डबी मी विहिरीत टाकली," ती म्हणाली. टाकली नव्हती, जाळली होती, हे मथुराला नंतर कळलं.

जेवणाच्या सुट्टीत बाया तिला बघायला यायच्या. कुणी हळहळायला, कुणी नुसतं बघायला. पूजा आली ती साखरपुडा उरकून. "सासू म्हने, पोरीला उष्णता दिसती. मी म्हनलं, व्हय," ती म्हणाली. मग जवळ सरकून, "ताई, तो डॉक्टर कुठं हाय?"

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शेखरच्या टेंपोत क्रेटच्या जागी सात बाया बसून नाशिकरोडला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी बाकावरचे सात लाल चेहरे बघितले आणि विचारलं, "सगळ्या एकाच डबीतल्या का?"

जूनमध्ये किशोर सरांनी दाखला मागितला. पुळ्या गेल्या होत्या, लाली निम्मी. सरांनी तो दाखला दोनदा वाचला, मथुराला पावसाळ्याचं स्टोअर दिलं आणि खोट्या खुणांबद्दल एक कागद सहीला पुढं केला. तिनं न वाचता सही केली, कारण त्यात काय लिहिलंय ते तिला माहीत होतं.

पुढच्या जानेवारीत ती गेटवर परत आली तर बायडाबाई टेबल सोडेना. "मला बसायची सवय लागली," म्हणाली. शेवटी दोघींना ठेवलं. मथुरा पुसणार, बायडाबाई लिहिणार. बायडाबाईला खुणेपलीकडं काही लिहिता येत नाही आणि खूण तेवढीच लागते. पण सकाळचा पहिला कागद मथुराच्या गालाला, बायडाबाईच्या हातानं. वांग अजून आहे, फिक्कट, पण आहे. मास्क एकच.

त्याच महिन्यात नणंदेच्या पोरीचं लग्न निघालं. मथुरानं नवी बाटली आणली, नवा स्पंज आणला आणि हळदीच्या रंगाचं पातळ नेसून बेताचा मेकअप केला. फोटोच्या वेळी ती मधोमध उभी राहिली. नणंद शेजारी येऊन कानात म्हणाली, "वयनी, तोंड लय बरं झालं. काय लावू राहिल्या सध्या?"

"पानी," मथुरा म्हणाली.

घरी यायला उशीर झाला, तरी तिनं नळाखाली तोंड धुतलं, मलम लावलं आणि झोपली. सकाळी आठला टेबलामागं हजर. बायडाबाईनं कागद उचलला, गालावरून नेहमीसारखा ओढला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, जबड्याच्या कडेनं कानापर्यंत नेला. कागदाच्या टोकाला गुलाबी रेघ उठली.

बायडाबाईनं कागद उजेडाला धरला. रांग वाकून बघायला लागली.

"रातीच धुतलं मी," मथुरा म्हणाली. "कानामागं ऱ्हायलं आसंल."

"आसंल," बायडाबाई म्हणाली आणि बोट नळाकडं केलं.

मथुरानं टोपी काढून टेबलावर ठेवली. थंड पाण्यानं तोंड धुतलं, कानामागून, मानेवरून, आणि पदरानं पुसत रांगेच्या शेवटी, पूजाच्या मागं जाऊन उभी राहिली.